यंत्राची पट्टी वाचूया: व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅटचा हिशोब



गेल्या वर्षभरात आपल्या प्रभागातल्या बऱ्याच गटांकडे यंत्रं आली. कुणी घरघंटी घेतली, कुणी शेवयांचं मशीन, कुणी पापड-कुरडयांसाठी मोठी विजेची शेगडी. काहींनी बँक कर्जातून घेतली, काहींनी पीएमएफएमई योजनेच्या बीजभांडवलातून (अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाला या योजनेत दर सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात, ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी सीआरपी ताईंना विचारा). यंत्र घेताना आपण सगळं नीट करतो. तीन कोटेशन आणतो, ठराव लिहितो, सह्या घेतो, पावती फाईलला लावतो. पण यंत्राच्या पाठीला किंवा तळाला एक छोटी चकचकीत पट्टी चिकटवलेली असते, ती कुणी वाचत नाही. काही ठिकाणी तर तिच्यावरच हळदीकुंकू लावलेलं मी पाहिलंय.

त्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं म्हणून आपण सोडून देतो. पण त्यात मुळात तीनच अक्षरं बघायची आहेत. आकड्यापुढे 'व्ही' असेल तर व्होल्ट, 'ए' असेल तर अँपिअर, 'डब्ल्यू' असेल तर वॅट. शेगडीच्या पट्टीवर २३० व्ही, २००० डब्ल्यू असं सापडेल. घरघंटीवर २३० व्ही, ७ ए, १ एचपी असं काहीतरी. एवढ्यावरून यंत्र कोणत्या प्लगला लावायचं, वायर किती जाड हवी, बिलात किती भर पडणार आणि दळणाला किलोमागे किती घ्यायचे, हे सगळं काढता येतं.

मी शिकले समाजकार्य, मी वायरमन नाही. वायर जोडायचं काम परवानाधारक वायरमनचंच, ते मी सांगणार नाही आणि तुम्हीही करू नका. पण हिशोब आपला आपल्याला आला पाहिजे. गणित फक्त गुणाकार-भागाकाराचं आहे. शेकडा दोन रुपयांनी सात महिन्यांचं व्याज तोंडी सांगणाऱ्या बायका आपल्या गटांत आहेत, त्यांना तर हे काहीच नाही.

चार शब्द

ठिबक सगळ्यांनी पाहिलंय. टाकी उंचावर असली की नळीत पाणी जोराने येतं. तसा विजेचा जो जोर, तो दाब म्हणजे व्होल्टेज. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात. मोजायचा व्होल्टमध्ये. आपल्या घरात तो साधारण २३० व्होल्ट असतो, म्हणजे असायला हवा.

नळीतून दर सेकंदाला किती पाणी जातं, तशी वायरीतून दर सेकंदाला किती वीज वाहते ती धारा, म्हणजे करंट. मोजायची अँपिअरमध्ये.

नळी बारीक असली, लांब असली, आत गाळ असला तर पाणी अडतं. तशी विजेला होणारी अडवणूक म्हणजे रोध. मोजायचा ओहममध्ये. आणि दाब व धारा मिळून दर सेकंदाला जेवढं काम होतं, किंवा जेवढी उष्णता निघते, ती शक्ती, म्हणजे पॉवर. ती वॅटमध्ये.

या उपमेत एक खोट आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. नळी कापली तर पाणी सांडत राहतं. वायर कापली तर वीज सांडत नाही, ती थांबते, कारण विजेला जायची आणि परत यायची अशी पूर्ण वाट लागते. फेजमधून येते, न्यूट्रलमधून परत जाते. पण कापलेल्या वायरीला आपला हात लागला आणि पाय ओल्या जमिनीवर असले, तर परत जायची वाट आपण स्वतः होतो. पुढे यावर हिशोब आहेच.

ओहमचा नियम

जॉर्ज ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर, बाप कुलपं बनवणारा. त्याने १८२७ साली पुस्तक लिहून मांडलं की दाब जेवढ्या पटीने वाढवावा तेवढ्याच पटीने धारा वाढते. सुरुवातीला त्याच्याच देशात त्याला फारसं कुणी विचारलं नाही. आज त्याच्या नावाने जगभर रोध मोजतात. नियम असा:

दाब = धारा × रोध

म्हणून रोध काढायचा असेल तर दाब भागिले धारा. धारा काढायची असेल तर दाब भागिले रोध. आणि शक्तीचं सूत्र:

शक्ती = दाब × धारा

म्हणजे वॅट माहीत असतील तर वॅट भागिले व्होल्ट केलं की अँपिअर मिळतात. आपल्या कामात हा भागाकार सगळ्यात जास्त लागतो.

इस्त्री घेऊ. पट्टीवर १००० वॅट, २३० व्होल्ट.

धारा = १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर
रोध = २३० ÷ ४.३५ = सुमारे ५३ ओहम

आता मोठी शेगडी. २००० वॅट.

धारा = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रोध = २३० ÷ ८.७ = सुमारे २६.५ ओहम

मोबाईलवर करून बघा, पुढे जाऊ नका तोवर. इथे एक गोष्ट बैठकीत हमखास अडते. "मॅडम, रोध जास्त म्हणजे जास्त तापणार ना? मग शेगडीचा रोध इस्त्रीपेक्षा कमी कसा?" प्रश्न अगदी बरोबर आहे. दोघींना दाब सारखाच मिळतो, २३० व्होल्ट. ज्याची अडवणूक कमी, त्यातून धारा जास्त जाणार. धारा जास्त, म्हणून दाब गुणिले धारा जास्त, म्हणून वॅट जास्त. घरातल्या सॉकेटला लावायच्या तापणाऱ्या वस्तूंमध्ये ज्याचा रोध कमी ते जास्त तापतं. अडवणूक निम्मी झाली की धारा दुप्पट. वरचे दोन हिशोब शेजारी ठेवून बघा, तसंच आलंय.

वीज मंद असली की

उन्हाळ्यात, पंप चालू झाले की, किंवा डीपीपासून लांबच्या वस्तीवर दाब पडतो. ठिबकच्या शेवटच्या नळीला जसं पाणी कमी येतं तसंच. समजा २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळतायत. शेगडीचा रोध तोच, २६.५ ओहम (तापल्यावर थोडा बदलतो, पण तेवढं सोडून देऊ).

धारा = १८० ÷ २६.५ = ६.८ अँपिअर
शक्ती = १८० × ६.८ = सुमारे १२२५ वॅट

दाब पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण शेगडीची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी गेली. कारण दाबही कमी आणि त्यामुळे धाराही कमी, मार दोन्हीकडून बसतो. "आज खिचीचं पीठ शिजायला दुप्पट वेळ लागला" असं कुणी म्हणाली तर हात मंद नसतात, व्होल्टेज मंद असतं. ऑर्डर घेताना हे धरा. मंद विजेच्या तासात दोन घाण्यांच्या जागी एकच निघणार असेल तर गिऱ्हाईकाला आधीच तशी तारीख द्या.

प्लग का वितळतो

एका गटात कुरडयांच्या हंगामात २००० वॅटची शेगडी एक्स्टेंशन बोर्डला लावली होती. बोर्ड ६ अँपिअरचा. त्याच बोर्डला मिक्सरही होता. तिसऱ्या दिवशी बोर्ड वितळला, भिंतीचा पडदा पेटला. माणसं वाचली, चिकाची दोन मोठी पातेली वाया गेली. बोर्ड विकणाऱ्याने "काही पण लावा ताई" असं सांगितलं होतं म्हणे.

आता आपण हिशोब करू शकतो. शेगडीच एकटी ८.७ अँपिअर घेते. बोर्ड ६ चा. वर मिक्सर ५०० वॅटचा, म्हणजे आणखी २.२ अँपिअर. एकूण जवळपास ११. आपल्याकडे छोट्या तीन पिनांचा प्लग ६ अँपिअरचा आणि मोठ्या जाड पिनांचा १६ अँपिअरचा, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो. २३० ला ६ ने गुणलं की १३८० वॅट. म्हणजे पट्टीवर साधारण १३०० वॅटच्या वर काहीही दिसलं तर छोटा प्लग नको, पॉवर प्लगच. मोठ्या प्लगवर छोटं अडॅप्टर बसवून काम भागवणं तर मुळीच नको, कारण शेवटी सगळी धारा त्या छोट्या पिनांमधूनच जाते.

पण सगळी वायर सोडून प्लगच का वितळतो? यासाठी एक आणखी सूत्र. वर दोन सूत्रं आहेत, ती एकत्र केली की हे मिळतं:

शक्ती = धारा × धारा × रोध

ढिल्या प्लगमध्ये पिन आणि सॉकेटची पट्टी नीट टेकत नाहीत. तिथे रोध तयार होतो. समजा फक्त अर्धा ओहम. ऐकायला काहीच नाही. पण शेगडीची ८.७ अँपिअर धारा तिथूनच जाते.

८.७ × ८.७ × ०.५ = सुमारे ३८ वॅट

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची सळई साधारण २५ वॅटची असते, तिने शिसं-कथील वितळतं. त्याच्या दीडपट उष्णता तुमच्या प्लगच्या आत, बोटाएवढ्या जागेत, तासनतास निघतेय. प्लास्टिक टिकेल कसं? म्हणून प्लग हाताला गरम लागला, काळा पडला, वास आला किंवा लावताना ठिणगी दिसली, की बटण बंद करून सॉकेट बदलून घ्यायचं. कागदाची घडी घालून किंवा रबर लावून प्लग घट्ट करणं म्हणजे आगीला आमंत्रण. सॉकेटची किंमत काय असते ते तुम्हाला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही.

मोटारीचं गणित थोडं वेगळं

शेगडी, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांना वरचे हिशोब सरळ लागू होतात. मोटार असलेल्या यंत्राला तसे होत नाहीत. घरघंटीच्या पट्टीवर १ एचपी लिहिलेलं असतं. एचपी म्हणजे अश्वशक्ती. जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना घोड्यांशी करून हे माप आणलं, आणि पुढे वॅट हे मापही त्याच्याच नावाने पडलं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट.

पण हे ७४६ वॅट मोटारीच्या दांड्यावर मिळणारी ताकद आहे. मीटरमधून त्यापेक्षा जास्त जातात, कारण मोटार स्वतः तापते, घासते, आवाज करते. सगळ्याची वीज आपल्याच खात्यातून. दुसरीकडे, पट्टीवर ७ अँपिअर आहेत म्हणून २३० × ७ = १६१० वॅट असंही म्हणता येत नाही. मोटारीत धारा दाबाच्या थोडी मागे पडते, त्यामुळे या गुणाकाराचा काही भागच खऱ्या वॅटमध्ये मोजला जातो. त्या भागाला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो ०.७ असला तर १६१० × ०.७ = ११२७ वॅट. म्हणजे खरा आकडा ७४६ आणि १६१० च्या मध्ये कुठेतरी.

वायर आणि प्लग ठरवताना मात्र पूर्ण ७ अँपिअरच धरायचे. वायर धारेने तापते, तिला पॉवर फॅक्टरशी घेणंदेणं नाही.

मंद विजेतही मोटार उलटी वागते. शेगडी गप्प कमी तापते. मोटारीला मात्र दळणाचं तेच ओझं ओढायचं असतं, दाब कमी मिळाला की ती जास्त धारा ओढते आणि आतलं वाइंडिंग तापतं. म्हणून दिवे पिवळे पडलेले असताना घरघंटी चालवू नका. शेगडी चालली तर फक्त उशीर होईल. मोटार जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च आणि हंगामातले आठ दिवस, दोन्ही जातात.

३ एचपीची मोठी कांडप यंत्रं थ्री फेजवर चालतात. तो हिशोब वेगळा आहे, या लेखातली सूत्रं तिकडे वापरू नका.

मीटरचा लाल दिवा मोजा

मोटारीचे खरे वॅट किती, हे कळायला सोपी युक्ती आहे आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. तो घाबरवायला नाही, मोजायला आहे. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरात 'इम्प' लिहून आकडा असतो, ३२०० किंवा १६०० किंवा दुसरा काही. ३२०० असेल तर त्याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज गेली. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं यंत्र एक तास चालणं.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिजसुद्धा. दिवा लुकलुकायचा थांबला ना, बघा. थांबला नाही तर काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी गळती आहे, ते वायरमनला दाखवा. मग फक्त घरघंटी दाणे टाकून चालवा आणि मोबाईल लावून एक मिनिट लुकलुक मोजा. समजा ६० आली.

तासाला ६० × ६० = ३६०० लुकलुक
३६०० ÷ ३२०० = १.१२५ युनिट

म्हणजे घरघंटी तासाला १.१२५ युनिट खाते, ११२५ वॅट. वरच्या ११२७ शी जुळलं. रिकामी चालवून मोजू नका, आकडा कमी येईल. आपल्याला दळतानाचा हवा आहे.

आता दळणाचा दर

हा लेख लिहायचं खरं कारण हे आहे. बऱ्याच गटांच्या उत्पन्न-खर्चाच्या वहीत विजेचा रकाना कोरा असतो. यंत्र ज्या ताईच्या घरी आहे तिच्याच बिलात सगळं जातं. दोन महिने ती बोलत नाही. तिसऱ्या महिन्यात नवरा किंवा सासू बोलते, आणि मग गटात कुरबुर सुरू होते. चांगले चाललेले गट मी यावरून रुसलेले पाहिलेत. भांडण पैशाचं कमी आणि आकडा नसल्याचं जास्त असतं.

तर आकडा काढू. रोज ३ तास, महिन्यात २६ दिवस, म्हणजे ७८ तास.

७८ × १.१२५ = ८७.७५, म्हणजे ८८ युनिट

एका युनिटला किती रुपये? बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असं करून तुमचा आकडा काढा, पण मागची थकबाकी आधी वजा करा. बिलात वीज आकार एकटा नसतो, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हे सगळं युनिटवरच लागतं. शिवाय जास्त युनिटला जास्त दर, म्हणून गिरणी सुरू झाल्यानंतरचं बिल घ्या, आधीचं नको. हिशोबाला सोपा म्हणून आपण १० रुपये धरू.

८८ × १० = ८८० रुपये

ताशी ८ किलो दळण निघतं असं धरलं तर महिन्याला ८ × ७८ = ६२४ किलो. ८८० ÷ ६२४ = १ रुपया ४१ पैसे. किलोमागे जवळपास दीड रुपया फक्त विजेचा. यावर कर्जाचा हप्ता, जाळी-पट्ट्याची झीज, चालवणारीची मजुरी. शेजारच्या गावात दर कमी आहे म्हणून आपणही कमी केला, असं करण्याआधी हे चार आकडे फळ्यावर लिहा. आणि ते ८८० रुपये दर महिन्याला गटाच्या खर्चात दाखवून त्या ताईला व्हाउचरने द्या, सही घेऊन.

एक सूचना. पैसे घेऊन दळण करायचं असेल तर जोडणीची वर्गवारी वेगळी लागू शकते, ते आधी विचारून घ्या. बिलावर 'मंजूर भार' असा शब्द आहे, तोही बघा. जोडणी १ किलोवॅटची असेल तर ११२५ वॅटची घरघंटी एकटीच त्याच्या वर जाते. महावितरणच्या तुमच्या उपविभाग कार्यालयात गटाचा ठराव घेऊन जा, भार वाढवण्याचा आणि वर्गवारीचा अर्ज एकदमच करून या.

वायर किती जाड

घरघंटी घरात नको, पीठ उडतं, म्हणून बऱ्याच जणी ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ठेवतात. मीटरपासून ४० मीटर. तिथपर्यंत वायर ओढतात आणि पैसे वाचवायला बारीक आणतात. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा १०० मीटरला रोध सुमारे १.८ ओहम असतो. जाडी अडीचपट केली की रोध अडीचपट कमी, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरला सुमारे ०.७२ ओहम. जाऊन-येऊन वायर ८० मीटर धरायची.

१ ची वायर: रोध १.४४ ओहम. ७ अँपिअर धारेला वाटेत ७ × १.४४ = १० व्होल्ट गळतात.
२.५ ची वायर: रोध ०.५८ ओहम. वाटेत ४ व्होल्ट गळतात.

दहा व्होल्टने काय होतं, असं वाटेल. पण मोटार सुरू होण्याच्या क्षणाला नेहमीच्या पाचपट किंवा त्याहून जास्त धारा ओढते. ३५ अँपिअर धरा. मग बारीक वायरीत ३५ × १.४४ = ५० व्होल्ट गळतात. २३० मधले १८० च मोटारीपर्यंत पोचतात. त्यात आधीच वीज मंद असली तर मोटार नुसती घुं घुं करते, फिरत नाही, आणि त्या घुं घुं मध्येच जळते. जाड वायरीत तेव्हा २० व्होल्ट जातात, मोटार उचलते. कंपनीला दोष देऊन यंत्र परत पाठवायच्या आधी वायर मोजा.

विजेची बचत म्हणाल तर तीही थोडी आहे. बारीक वायर ७ × ७ × १.४४ = ७० वॅट स्वतः खाते, जाड वायर २८. फरक ४२ वॅट, ७८ तासांत सव्वातीन युनिट. महिन्याला तीस-बत्तीस रुपये. यासाठी कुणी जाड वायर घेणार नाही. मोटारीसाठी घ्यायची. आणि वायरीवर जाडीचा आकडा छापलेला असतो, दुकानात तो वाचून घ्या. "हीच अडीचची" असं तोंडाने सांगून दीडची दिल्याची उदाहरणं आहेत. उरलेली वायर गुंडाळी करून ठेवायची नाही, गुंडाळीत उष्णता अडकते.

ओले हात

शेवटचा हिशोब आपल्या शरीराचा. शरीरालाही रोध असतो. कोरडी, राठ कातडी असेल तर तो बराच असतो, हजारो ओहम. २०,००० धरला तर:

२३० ÷ २०,००० = ०.०११५ अँपिअर, म्हणजे साडेअकरा मिलिअँपिअर

जोराचा झटका बसतो. हाच हात ओला असला, उडीद धुतलेला, चिकात बुडालेला, पाय ओल्या फरशीवर, तर रोध १००० ओहमपर्यंत किंवा त्याच्याही खाली येऊ शकतो.

२३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर

५०-१०० मिलिअँपिअर छातीतून क्षणभराहून जास्त गेले तरी हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. इथे २३० आहेत. आता सांगा, बोर्डावरची १६ अँपिअरची एमसीबी यावर पडेल का? नाही पडणार. तिला १६ अँपिअरच्या वर हवं, आणि इथे पाव अँपिअरही नाही. एमसीबी वायरीची राखण करते. माणसाची राखण करायला आरसीसीबी लागते, जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. ती ३० मिलिअँपिअरची घ्यायची, म्हणजे ०.०३ अँपिअर गळती झाली की क्षणात वीज तोडते. तिच्यावर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी दाबायचं. बटण दाबून ती पडली नाही तर ती शोभेची आहे, बदला.

आणि अर्थिंग. प्लगची वरची जाड, लांब पिन ही अर्थची. ती सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तोडलेले प्लग मी तीन ठिकाणी पाहिले. मोटारीच्या आत वायर खरवडून लोखंडी अंगाला वीज आली तर ती अर्थच्या वाटेने जमिनीत जावी, यासाठी ती पिन आहे. ती वाट तोडली तर दुसरी वाट कुठली, ते वर वाचलंत. मजुरीवर येणाऱ्या मुलींना तर हे आवर्जून सांगा, त्या नवीन यंत्राला घाबरतात आणि विचारायला लाजतात.

पुढच्या बैठकीत सोडवायची गणितं

वही-पेन घ्या, सचिव ताईंनी फळ्यावर लिहा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना तोंडी विचारा, त्यांची उत्तरं बऱ्याचदा आधी येतात.

१. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅट, २३० व्होल्ट. धारा किती? रोध किती? प्लग कोणता?

२. एका ६ अँपिअरच्या बोर्डला मिक्सर ५०० वॅट, इस्त्री १००० वॅट आणि टीव्ही १०० वॅट एकदम लावले. चालेल का?

३. शेवयांचं मशीन चालवताना मीटरचा दिवा मिनिटाला २० वेळा लुकलुकला. मीटरवर १६०० इम्प लिहिलंय. मशीन किती वॅट घेतं? रोज ४ तास, २५ दिवस चालवलं तर किती युनिट?

४. तुमच्या गटाच्या यंत्राची पट्टी वाचून व्होल्ट, अँपिअर, वॅट किंवा एचपी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पट्टीवर कुंकू असेल तर ओल्या फडक्याने पुसा, पण आधी प्लग काढा.

उत्तरं: (१) ६.५ अँपिअर, सुमारे ३५ ओहम, पॉवर प्लग. (२) एकूण १६०० वॅट, जवळपास ७ अँपिअर, चालणार नाही. (३) तासाला १२०० लुकलुक, १२०० ÷ १६०० = ०.७५ युनिट, म्हणजे ७५० वॅट. १०० तासांचे ७५ युनिट. (४) चं उत्तर प्रत्येक गटाने ग्रामसंघाच्या बैठकीला सोबत आणावं, सगळ्या यंत्रांची एक यादी आपण तिथेच करू.